पहिल्या उड्डाणाचे तिकीट आणि ‘मलबार प्रिन्सेस’चे टपाल

टपालाच्या तिकिटाचा इतिहासाचे साधन म्हणून विचार करताना एक भेद ध्यानात ठेवणे अवश्य असते. स्मारक तिकीट हे शासनाचे निवेदन होय. कोणती घटना स्मरणीय मानली गेली, एवढेच ते सांगते. उलट, टपालातून प्रत्यक्ष गेलेले पाकीट हा वाहतुकीचा पुरावा असतो. त्यावरील आकार, रवानगीचा शिक्का, मार्गाची नोंद आणि पोचल्याची मुद्रा यांवरून पत्र खरोखर कसे गेले, हे कळते. मुंबई-लंडन विमानसेवेच्या प्रारंभानिमित्त १९४८ साली निघालेल्या १२ आण्यांच्या तिकिटाच्या इतिहासात हा भेद विशेष स्पष्टपणे दिसून येतो.

भारतातील पहिले अधिकृत विमानटपाल १८ फेब्रुवारी १९११ रोजी अलाहाबादहून यमुनेपलीकडील नैनी येथे गेले. आंरी पेके या फ्रेंच वैमानिकाने त्या दिवशी सहा हजारांहून अधिक पत्रे नेली. परंतु तो प्रदर्शनातील एक प्रयोग होता. नियमित सेवा नव्हे. १९२९ मध्ये इंपीरियल एअरवेजने लंडन-कराची मार्ग सुरू केला आणि त्याच वर्षी २२ ऑक्टोबरला विमानटपालासाठी सहा तिकिटांची खास मालिका निघाली. तिचे मुद्रण नाशिकच्या सिक्युरिटी प्रेसमध्ये झाले. पुढे १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी ‘पस मॉथ’ विमानातून कराचीचे टपाल अहमदाबादमार्गे जुहूस आणले. तेथून नेव्हिल व्हिन्सेंट यांनी ते बेल्लारीमार्गे मद्रासला नेले. पावसाळ्यात जुहूचे मैदान पाण्याखाली जाई, तेव्हा या सेवेला पुण्याचा आश्रय घ्यावा लागे. सारांश, विलायती टपालाचे द्वार कराची होते आणि मुंबई हे त्याच्या शाखेवरील एक ठाणे होते.

फाळणीनंतर कराची परदेशात गेले. १५ डिसेंबर १९४७ रोजी निघालेल्या १२ आण्यांच्या तिकिटावर ‘जय हिंद’ या अक्षरांसह विमानाचे चित्र होते. ते परदेशी विमानटपालासाठी योजलेले होते. ८ मार्च १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनल ही कंपनी स्थापन झाली व तिच्यात शासनाने ४९ टक्के भाग घेतले. ८ जून १९४८ रोजी तिचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे लॉकहीड कॉन्स्टेलेशन विमान मुंबईहून कैरो व जिनिव्हामार्गे लंडनला निघाले. मुंबई आता शाखेवरील ठाणे न राहता मार्गाचा उगम झाली. त्या प्रसंगाच्या तिकिटावर याच जातीचे विमान आणि पहिल्या उड्डाणाची तारीख आहे. येथे एक गोष्ट विसरता कामा नये. ते तिकीट उड्डाणापूर्वी छापलेले होते. काही कारणाने विमान एक दिवस उशिरा निघाले असते, तरी तिकिटावर ८ जून हीच तारीख राहिली असती. अर्थात ते संकल्पाची साक्ष देते. सिद्धीची साक्ष पाकिटावरील शिक्क्यांतच शोधावी लागते.

या विमानाचा पुढील इतिहास करुण आहे. ३ नोव्हेंबर १९५० रोजी मुंबईहून लंडनला जाताना, कैरो ते जिनिव्हा या टप्प्यात, ‘मलबार प्रिन्सेस’ आल्प्समधील मों ब्लां पर्वतावर आदळले. ४० प्रवासी आणि ८ कर्मचारी असे सर्व ४८ जण मृत्यू पावले. शोधासाठी वर चढलेला शामोनीचा वाटाड्या रने पायो हाही प्राणास मुकला. विमानातील टपाल हिमात गाडले गेले.

हिमनदी मात्र स्थिर नसते. ८ जून १९७८ रोजी बोसों हिमनदीच्या पायथ्याकडे एका फ्रेंच पोलीस अधिकाऱ्याला या टपालाचा काही भाग सापडला : साडेसत्तावन पाकिटे आणि पाकिटाविना ५५ पत्रे. पहिल्या उड्डाणास त्या दिवशी बरोबर ३० वर्षे झाली होती. हा योगायोग होय, त्याहून अधिक अर्थ त्यास देण्याचे कारण नाही. महत्त्वाची गोष्ट निराळी आहे. सापडलेले बहुतेक टपाल मूळ पत्त्यांवर रवाना करण्यात आले. २८ वर्षांच्या खंडानंतरही पत्र पोचविण्याची जबाबदारी संपली, असे मानले गेले नाही. टपालसंस्थेचे स्वरूप याहून स्पष्ट करणारे प्रमाण क्वचितच मिळेल, आणि ते कोणत्याही स्मारक तिकिटावर नाही.

पाकिटाविना राहिलेल्या त्या ५५ पत्रांचा मजकूर उरला, परंतु तिकीट, शिक्का आणि पत्ता नाहीसा झाला; म्हणजे प्रवासाची नोंदच पुसली गेली. संग्राहक पाकिटावरून तिकीट सोडवून घेतो, तेव्हा नेमके हेच घडते. मुंबईच्या विमानवाहतुकीचे केंद्र जुहूहून सांताक्रूझ व सहार येथे सरकत गेले, आणि ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन झाले. अशा प्रसंगांची समारंभी पाकिटे आपोआप जपली जातात. त्याच दिवसांत टपालातून गेलेली साधी, चुरगळलेली, दोनतीन शिक्क्यांची पाकिटे मात्र केराच्या टोपलीत जातात. भावी अभ्यासकास खरी गरज त्यांचीच पडणार आहे.