मिरचीच्या पोटातले शब्द

नागपूरहून उमरेडमार्गे नागभीडकडे निघाले की वाटेत भिवापूर लागते. गाव तालुक्याचे, पण विदर्भात त्याचे नाव घेतले की आधी आठवते ती मिरची. भिवापुरी मिरचीला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. हंगामात सातऱ्यांवर, म्हणजे मिरची निवडण्याच्या जागांवर, बाया ओळीने बसून लाल मिरचीचे देठ खुडतात. त्यांच्यापैकी कुणाची मुलगी अकरावीला विज्ञान शाखेत असते आणि त्याच मिरचीच्या अवयवांची इंग्रजी नावे घोकत असते: स्टेमेन, पिस्टिल, कार्पेल, पेरिकार्प, प्लासेंटा. नावे पाठ होतात, उत्तरपत्रिकेत उतरतात आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत विसरली जातात.

ती विसरली जातात, कारण ती कुठून आली हे कुणी सांगत नाही. जीवशास्त्रातले निम्मेअधिक शब्द लॅटिन-ग्रीक आहेत, एवढे सांगून शिक्षक पुढे जातात. पण ते लॅटिन कुणाचे? यज्ञवेदीवरचे की पंडितांच्या सभेतले? बहुतेक वेळा ते विणकराचे, दळणकांडण करणाऱ्याचे, शेतकऱ्याचे आणि स्वयंपाक करणाऱ्याचे असते. एक मिरची उभी चिरली आणि तिच्या पोटात दिसते त्या एकेका भागाच्या नावाचे कूळ शोधत गेले, तर हे चांगले कळते.

आधी मिरचीच्याच नावाचे पाहू. हे झाड आपले नाही. मेक्सिकोत हजारो वर्षांपूर्वी माणसाने ते लागवडीखाली आणले. तिथल्या नाहुआत्ल भाषेत त्याला ‘चिल्ली’ म्हणत आणि इंग्रजांनी तोच शब्द उचलला. कोलंबस निघाला होता काळ्या मिरीच्या शोधात. कॅरिबियन बेटांवर त्याला हे तिखट फळ भेटले तेव्हा युरोपीयांनी त्यालाही मिरीच्याच गोतात बसवले, म्हणून इंग्रजीत आजही दोघांना पेपर म्हणतात. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ते भारतात आणले तेव्हा आपल्याकडेही हेच झाले. संस्कृत ‘मरीच’ म्हणजे काळी मिरी, त्यावरून मिरे आणि मिरची. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने मिरी आणि मिरची यांचे दूरचेही नाते नाही. मिरची वांगी-टोमॅटोच्या कुळातली. तिखटपणावरून दोन खंडांतल्या माणसांनी एकमेकांना न विचारता एकच नाते जुळवले.

शास्त्रीय नाव कॅप्सिकम. फ्रेंच वनस्पतिज्ञ तुर्नफोर याने १७०० च्या आपल्या ग्रंथात ते वापरले आणि लिनियसने १७५३ मध्ये कायम केले. त्याच्या व्युत्पत्तीबद्दल दोन मते आहेत. एक ग्रीक ‘काप्तो’, म्हणजे चावणे, गिळणे. दुसरे लॅटिन ‘काप्सा’, म्हणजे पेटी. रोमन लोक गुंडाळलेल्या पोथ्या जिच्यात ठेवत ती. मला दुसरे मत पटते, कारण मिरची हलवली की आतले बी खुळखुळते. पातळ भिंतींची ती पोकळ पेटीच आहे. औषधाची कॅप्सूल आणि गाण्याची कॅसेट याच काप्साच्या लेकी. वनस्पतिशास्त्रातही कॅप्सूल आहे, पण गंमत अशी की मिरची तिच्यात मोडत नाही. पिकल्यावर वाळून तडकते आणि बी मोकळे करते ते फळ म्हणजे कॅप्सूल. भिवापूरच्या शिवारात ते पाहायचे तर मिरचीच्या शेजारच्या वावरात जावे: कापसाचे बोंड. मिरची न तडकणारी, म्हणून शास्त्राप्रमाणे ती मृदुफळ, म्हणजे बेरी.

लिनियसने कॅप्सिकमला ‘अ‍ॅनम’ हे जातिनाम दिले. लॅटिन ‘आन्नुस’ म्हणजे वर्ष. अर्थ झाला वर्षायू, एका हंगामात संपणारी. युरोपच्या बागांतली मिरची हिवाळ्याच्या थंडीने मरत असे, म्हणून तसे वाटले. जिथे हिमतुषार पडत नाहीत तिथे मिरचीचे झाड दोन-चार वर्षे सहज तगते आणि बुंध्याशी लाकूड धरते, हे परसात एखादे झाड राखणाऱ्या कुठल्याही बाईला ठाऊक असते. नाव मात्र त्या थंडीचेच राहिले.

आता फूल. मिरचीचे फूल लहान, पांढरे, खाली मान घातलेले. त्याच्या आतल्या नराच्या अवयवाला इंग्रजीत स्टेमेन म्हणतात, आपण पुंकेसर. स्टेमेन या लॅटिन शब्दाचा मूळ अर्थ मागावरचा ताणा. रोमन आणि ग्रीक माग उभा असे आणि त्यावर ताण्याचे धागे सरळ उभे लोंबत. फुलातले उभे तंतू पाहून त्यांना तो शब्द सुचला. प्लिनीने लिलीच्या फुलासाठी तो वापरलेला आहे. ‘स्टा’ म्हणजे उभे राहणे, हा धातू आपल्या ‘स्था’चा सख्खा भाऊ. उमरेड, पवनी, नागपूर हा कोष्ट्यांचा, विणकरांचा मुलूख. त्या घरातल्या मुलाला ‘स्टेमेन म्हणजे ताणा’ एवढे सांगितले तर तो शब्द त्याला आयुष्यभर पुरेल.

मादीच्या अवयवाला पिस्टिल म्हणतात. लॅटिन पिस्टिल्लुम म्हणजे खलबत्त्यातला बत्ता. फुलाच्या मध्यभागी खाली फुगीर आणि वर दांडीसारखा उभा तो भाग, म्हणून हे नाव. हा शब्द ‘पिन्सेरे’, म्हणजे कुटणे, यावरून आला, आणि संस्कृतातला ‘पिष्’ त्याच मुळाचा. पिष् वरून पिष्ट, पिष्टवरून आपले पीठ. म्हणजे जात्यातून पडणारे पीठ आणि मिरचीच्या फुलातले पिस्टिल हे एकाच आजोबांचे वंशज.

कार्पेल आणि पेरिकार्प या दोन्हींत ग्रीक ‘कार्पोस’ आहे. त्याचा अर्थ फळ असा देतात, पण त्याच्याही आत एक कृती आहे: तोडणे. लॅटिन ‘कार्पेरे’ म्हणजे खुडणे, तोडणे, आणि इंग्रजी हार्वेस्ट हाही याच मुळाचा. आपल्याकडे मिरचीचा पहिला तोडा, दुसरा तोडा असे म्हणतात. फळ म्हणजे जे तोडायचे ते. ‘पेरि’ म्हणजे भोवती; फळाभोवतीचे आवरण ते पेरिकार्प. मिरचीत आपण वाळवतो, कांडतो आणि रंगासाठी जिची किंमत करतो ती लाल साल हीच.

पण सर्वांत मोठी कथा प्लासेंटाची. चिरलेल्या मिरचीत देठाकडून खाली एक पांढरट, मऊ भाग उतरतो आणि त्यालाच बिया चिकटलेल्या असतात. तो प्लासेंटा. ग्रीक ‘प्लाकूस’ म्हणजे चपटी पोळी. रोमनांनी त्याचे प्लासेंटा केले. केटो या रोमन गृहस्थाने इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात शेतीवर पुस्तक लिहिले, त्यात प्लासेंटाची कृतीच दिली आहे: पिठाच्या लाट्या, मध्ये मधात कालवलेल्या चीजचे थर, आणि वर-खाली आच. पुढे १५५९ साली रेआल्दो कोलंबो या इटालियन शरीरशास्त्रज्ञाने बाळंतपणात बाळामागून बाहेर पडणाऱ्या चपट्या गोल मांसल भागाला गर्भाशयाची ‘प्लासेंटा’ म्हटले. आपल्या सुइणी त्याला वार म्हणतात. नंतर वनस्पतिज्ञांनी पाहिले की फळातही बीजाला आईशी जोडणारा, त्याला पोसणारा भाग असतो. त्यांनी तोच शब्द झाडाला दिला. पोळीचा शब्द बाळंतिणीच्या खोलीतून मिरचीत आला.

आणि हा भाग भिवापूरला फार महत्त्वाचा आहे. मिरचीचा तिखटपणा तयार होतो तो इथेच. बी तिखट असते असे घरोघरी समजतात आणि तिखट कमी करायला बिया झटकतात. बी स्वतः तिखट रस तयार करत नाही. पांढऱ्या भागाला चिकटल्याने त्याला तो लागतो. तिखट कमी हवे असेल तर ती पांढरी शीर काढावी. त्या रसायनाचे नाव कॅप्सेसिन. १८१६ मध्ये बुखोल्झ या जर्मन रसायनज्ञाने ते अशुद्ध रूपात वेगळे काढले, आणि १८७६ मध्ये थ्रेश या इंग्रजाने ते बऱ्याच शुद्ध रूपात मिळवून कॅप्सिकमवरून त्याला हे नाव दिले. तिखट खाल्ल्यावर जीभ भाजते असे आपण म्हणतो ते अगदी खरे आहे. १९९७ मध्ये डेव्हिड ज्युलियस यांच्या गटाने शरीरातला जो ग्राही शोधला, तो कॅप्सेसिनला आणि भाजणाऱ्या उष्णतेला सारखाच प्रतिसाद देतो. २०२१ चे नोबेल त्या कामाला मिळाले. पक्ष्यांचा हा ग्राही कॅप्सेसिनला दाद देत नाही, म्हणून ते रानमिरची खुशाल खातात आणि बी दूरवर टाकतात.

काही शब्द तर असे आहेत की इंग्रजी आणि मराठी दोन्ही बाजूंनी मागे गेले तर एकाच दारात पोचतो. बायॉलॉजी हा शब्द १८०२ मध्ये लामार्क आणि ट्रेविरानुस यांनी स्वतंत्रपणे रूढ केला. त्यातला ग्रीक ‘बिओस’ आणि आपला ‘जीव’ एकाच मूळ धातूचे. लॅटिन ‘विता’ही त्यांचाच. १९१२ मध्ये फुंक याने ‘विता’ला अमाइन जोडून व्हिटॅमिन केले, आणि मराठीने त्याचे जीवनसत्त्व केले तेव्हा दुरावलेली भावंडे पुन्हा एका घरात आली. इथेही मिरची आहेच. हंगेरीतल्या सेगेद गावी सेंट-ज्यॉर्जी यांना क जीवनसत्त्व भरपूर प्रमाणात हवे होते; ते त्यांनी तिथल्या पापरिकातून, म्हणजे मिरचीतूनच, काढले. १९३७ चे नोबेल त्यांना मिळाले. सेगेदची ओळखही पापरिकाच, जशी भिवापूरची मिरची.

व्हायरसचेही तसेच. लॅटिन ‘विरुस’ म्हणजे विष, चिकट घातक द्रव. आपले ‘विष’ त्याचे सख्खे. विषाणू हा शब्द ज्याने घडवला त्याने मूळ नेमके पकडले.

मराठी शब्द घडवण्याच्या या कामात नागपूरचा वाटा मोठा आहे. डॉ. केतकरांच्या ज्ञानकोश मंडळाची सुरुवात नागपुरात झाली. डॉ. रघुवीर १९४६ मध्ये आपली सरस्वती विहार ही संस्था लाहोरहून नागपूरला घेऊन आले आणि संस्कृत धातू, उपसर्ग, प्रत्यय यांच्या जोडणीतून साऱ्या भारतीय भाषांना चालेल अशी शास्त्रीय परिभाषा बांधू लागले. १९४८ मध्ये य. रा. दाते आणि चिं. ग. कर्वे यांचा शास्त्रीय परिभाषा कोश आला. पुढे वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या देखरेखीखाली विश्वकोश आकाराला आला. त्याचा पहिला खंड १९७६ चा.

या लोकांच्या कष्टांबद्दल मला नितांत आदर आहे. एका धातूवरून दहा शब्द पडावेत, बीजक (बी होण्याआधीचे रूप) म्हटले की बीजकविन्यास (बीजकांची मांडणी) आपसूक निघावा, ही रचना शास्त्राला लागतेच. पण प्लासेंटासाठी ‘बीजकाधानी’ वाचताना वाटते की इथे कुणी मिरची चिरून एखाद्या शेतकरणीला विचारायला हवे होते. लॅटिनने आपला शब्द चुलीजवळून उचलला. आपण तो धातुपाठातून आणला. जिथे मराठीने शेताकडे पाहिले तिथे ती किती सहज बोलली! कॅप्सूलला विश्वकोशाने बोंड म्हटले आणि शिंबेशेजारी शेंग ठेवली. हे शब्द कुणाला शिकवावे लागले नाहीत.

शेतीशास्त्राने तर हे अधिक केले. पिकांच्या रोगांची नावे पाहा: मर, करपा, भुरी, तांबेरा. किडींची पाहा: मावा, तुडतुडे, पांढरी माशी. कृषी विद्यापीठांच्या पुस्तिकांत ती तशीच छापतात आणि शास्त्रज्ञ व शेतकरी एकाच नावाने बोलतात. मिरचीचा सर्वांत मोठा वैरी चुरडा-मुरडा. पाने आखडतात, वळतात, झाड खुरटते. मात्र एकाच नावाखाली तीन वेगळी कारणे येतात: फुलकिडे, कोळी, आणि पांढऱ्या माशीतून पसरणारा विषाणू. पाने वर वळली तर बहुधा फुलकिडे, खाली वळली तर कोळी. चुरडा-मुरडा काय दिसते ते सांगतो. विषाणू कशामुळे ते सांगतो. फवारणी कशाची करायची आणि कशाची वाया जाईल हे ठरवायला दोन्ही लागतात.

आता शेतकरीही फुलकिड्यांना थ्रिप्स म्हणू लागले आहेत, कारण औषधाच्या बाटलीवर तोच शब्द असतो. ग्रीकमध्ये थ्रिप्स म्हणजे लाकूड पोखरणारी अळी. हा कीटक लाकूड पोखरत नाही. तो कोवळी पाने आणि फुले खरवडून रस शोषतो. २०२१-२२ च्या हंगामात तेलंगण आणि आंध्रात मिरचीवर थ्रिप्सची जी नवी जात तुटून पडली, ती प्रामुख्याने फुलांतच सापडत होती. ग्रीक नाव ऐकून कुणी खोड तपासत बसेल. फुलकिडे म्हटले की तळहातावर फूल झटकून पाहावे, हे कळते.