'सरदार बहादूर' : एका किताबाचा अर्थ

आपल्या काही घराण्यांच्या वंशावळीत एखाद्या सुभेदार मेजराच्या नावाला 'सरदार बहादूर' हा किताब जोडलेला आढळतो. अमेरिकेत वाढलेली आपली नातवंडे तो वाचून विचारतात, "म्हणजे आपण राजघराण्यातले का?" याचे उत्तर आपणच त्यांना नीट दिले पाहिजे.

'सरदार' हा शब्द फारसी. 'सर' म्हणजे डोके, आपल्या 'शिर' शब्दाचा सख्खा भाऊ. 'दार' म्हणजे धारण करणारा. सरनौबत, सरदेशमुख, सरपंच यांतही तोच 'सर' आहे. हिब्रूतही 'सर' म्हणजे अधिपती किंवा मंत्री, आणि त्याचेच स्त्रीरूप 'सारा', आपल्या आद्य मातेचे नाव. मात्र हे साम्य योगायोगाचे. दोन्ही शब्दांची मुळे निराळी. 'बहादूर' हा मंगोल-तुर्की 'बगातुर', म्हणजे वीर, फारसीमार्गे आपल्याकडे आला.

ईस्ट इंडिया कंपनीने 1837 मध्ये 'ऑर्डर ऑफ ब्रिटिश इंडिया' हा सन्मान सुरू केला. दीर्घ व निष्ठेच्या सेवेबद्दल तो हिंदी अंमलदारांना मिळे. पहिल्या वर्गाला 'सरदार बहादूर' हा किताब व रोज दोन रुपये भत्ता, दुसऱ्या वर्गाला 'बहादूर' व एक रुपया. मुंबईच्या पलटणींतील आपल्या अंमलदारांनी तो असा नोकरीतून कमावला. मुलकी सेवेसाठी 'खानबहादूर' हा किताब असे. औंध संस्थानाचा कारभार पाहिलेले जेकब बापूजी इस्राएल हे खानबहादूर होते.

यांपैकी कोणताही किताब वंशपरंपरेचा नव्हता. ज्याचा त्याच्यापाशीच तो संपे.

अमेरिकेच्या 1787 च्या राज्यघटनेने सरकारला उमरावकीचे किताब देण्यास मनाई केली. 1795 च्या कायद्यापासून, नागरिकत्व घेणाऱ्याकडे वंशपरंपरागत किताब असेल तर तो सोडावा लागतो. आजही अर्जात तसा प्रश्न असतो. आपल्या मुलांनी तिथे 'नाही' लिहिले, ते खरेच आहे. स्वतंत्र भारताच्या घटनेतील कलम 18 नेही असे किताब बंद केले.

तेव्हा नातवंडांना सांगावे : आपण राजघराण्यातले नाही. आपल्या पणजोबांनी शिपाई म्हणून भरती होऊन, वर्षानुवर्षे इमानाने चाकरी करून हा मान मिळवला. किताब त्यांच्याबरोबर गेला. गावाचे नाव सांगणारे 'कर' आडनाव मात्र वारशाने आपल्याकडे आले आहे, आणि ते सोडायला कोणताही कायदा सांगत नाही.