तक्रार कोणाच्या टेबलावर जाते?

मागच्या महिन्यात पीएच.डी. करणारी एक मुलगी विहारात भेटायला आली. प्रबंधाची दोन प्रकरणे गाईडकडे आठ महिने पडून आहेत. विचारले की ‘बघतो’ एवढेच उत्तर. फेलोशिपच्या कागदावर सही हवी असली की चार चकरा. मी विचारले, तक्रार का केली नाहीस? ती म्हणाली, “ताई, समितीत सरांचेच मित्र बसलेत. आणि शेवटी प्रबंध पुढे पाठवायचा तो सरांनीच.”

मित्रांनो, या एका वाक्यात संशोधक विद्यार्थ्याचे सगळे दुखणे आहे. बी.ए.च्या विद्यार्थ्याचे एका प्राध्यापकाशी बिनसले तरी बाकीचे विषय असतात. संशोधकाचे मात्र विषय, हजेरी, प्रगती अहवाल, फेलोशिप सगळे एकाच माणसाच्या सहीवर अडते. म्हणून ‘तक्रार करता येते का?’ यापेक्षा ‘तक्रार कोणाच्या टेबलावर जाते?’ हा प्रश्न मोठा आहे.

आधी बाबासाहेबांकडे बघू, कारण तेही संशोधक विद्यार्थी होते. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ मध्ये लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. पण जाण्याआधी त्यांनी चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी घेऊन ठेवली. त्या परवानगीच्या बळावर ते १९२० मध्ये पुन्हा लंडनला गेले. १९२२ मध्ये डी.एस्सी.चा प्रबंध सादर केला, तर परीक्षकांनी तो पुन्हा लिहायला सांगितला. पैसे संपले होते. मुंबईत परतून त्यांनी प्रबंध दुरुस्त केला, लंडनला पाठवला आणि १९२३ च्या अखेरीस पदवी मिळाली. तोच ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’. त्याला प्रस्तावना लिहिली प्रा. एडविन कॅनन यांनी, आणि त्याच प्रस्तावनेत बाबासाहेबांच्या अनेक मुद्द्यांशी आपण सहमत नसल्याचे नोंदवले. मतभेद छापील स्वरूपात जाहीर झाला, पण पदवी अडली नाही. मार्गदर्शकाचे मत वेगळे असणे हा अन्याय नव्हे. त्या मताच्या जोरावर विद्यार्थ्याची वाट अडवणे हा अन्याय.

आता आपल्या देशातल्या विद्यापीठांचा इतिहास बघा. दिल्लीच्या एम्समध्ये जातिभेद होत असल्याच्या तक्रारी आल्या. प्रा. सुखदेव थोरात यांच्या समितीने २००७ मध्ये दिलेल्या अहवालात वसतिगृहापासून परीक्षेपर्यंत होणारा भेदभाव मांडला. पुढच्याच वर्षी, २००८ मध्ये, हैदराबाद विद्यापीठात सेंथिल कुमार या दलित संशोधकाने जीव दिला. भौतिकशास्त्रात पीएच.डी.ला प्रवेश मिळूनही त्याला मार्गदर्शक मिळाला नव्हता.

२०१२ मध्ये यूजीसीने समतेसाठी नियम केले. प्रत्येक संस्थेत समान संधी कक्ष, भेदभावविरोधी अधिकारी, साठ दिवसांत निर्णय. कागदावर चांगलेच. पण हा अधिकारी त्याच संस्थेचा प्राध्यापक आणि त्याच्या निर्णयावर अपील संस्थेच्या प्रमुखाकडे. म्हणजे ज्या घराविरुद्ध तक्रार, त्याच घरात न्यायनिवाडा!

याचा अर्थ काय होतो ते २०१५ मध्ये त्याच हैदराबाद विद्यापीठात दिसले. आंबेडकर स्टुडंट्स असोसिएशनच्या पाच संशोधकांना वसतिगृहातून बाहेर काढले गेले. रोहित वेमुलाची फेलोशिप महिनोन्‌महिने थकली होती. शिक्षा प्रशासनाने दिलेली आणि दादही प्रशासनाकडेच मागायची. १७ जानेवारी २०१६ रोजी रोहित गेला. २२ मे २०१९ रोजी मुंबईत डॉ. पायल तडवी गेली. स्त्रीरोगशास्त्राची पदव्युत्तर विद्यार्थिनी, तडवी भिल्ल समाजातली. वरिष्ठांकडून जातीवरून छळ झाला, असा कुटुंबाचा आरोप आहे. त्याच वर्षी राधिका वेमुला आणि आबेदा तडवी या दोन आया सर्वोच्च न्यायालयात गेल्या. त्यांची मागणी साधी होती: केलेले नियम पाळले जावेत.

२०२३ च्या यूजीसी नियमांत एक पाऊल पुढे पडले. विद्यार्थी तक्रार निवारण समितीत अनुसूचित जाती, जमाती किंवा ओबीसी यांच्यातली किमान एक व्यक्ती आणि किमान एक महिला असलीच पाहिजे. समितीने पंधरा कामकाजी दिवसांत अहवाल द्यायचा. समाधान झाले नाही तर लोकपालाकडे अपील, आणि लोकपालाचे त्या विद्यापीठात हितसंबंध नसावेत. बाहेरचा माणूस हवा हे तत्त्व इथे मान्य झाले. पण ते तत्त्व तक्रारीच्या पहिल्या पायरीवरच हवे. अपिलापर्यंत पोहोचायला जी ताकद लागते, तीच तर गाईडच्या वर्षभराच्या छळाने संपलेली असते.

काही जण म्हणतात, गुरु-शिष्याच्या नात्यात कायदा आणू नका. ज्या परंपरेत गुरूने एकलव्याचा अंगठा मागितला आणि कोणी दाद मागायची सोय नव्हती, तिचे दाखले आम्हाला नकोत. प्रामाणिक गाईडला नियमांची भीती वाटायचे कारण नाही. उलट खोटी तक्रार झालीच, तर त्यालाही तटस्थ समितीच वाचवेल.

त्या मुलीला आम्ही काय सांगितले? पहिले, तोंडी बोलणे बंद. प्रकरण दिले की त्याच दिवशी ईमेल कर. दुसरे, अर्ज दिला की पोच घे. तिसरे, माहिती अधिकारात विचार की समितीचे सदस्य कोण, लोकपाल कोण, वर्षभरात किती तक्रारी आल्या, किती निकाली निघाल्या. चौथे, एकटी जाऊ नकोस. तिने ईमेल पाठवला. बारा दिवसांत एक प्रकरण तपासून आले. दुसरे अजून यायचे आहे, आणि माहिती अधिकाराचा अर्ज तयार आहे.

बाबासाहेबांनी १९१७ मध्ये बोट पकडण्याआधी परवानगी घेऊन ठेवली होती, हे विसरू नका. आपल्या प्रत्येक वस्तीत आज एखादा तरी पदवीधर आहे. त्याने एका संशोधक विद्यार्थ्याचा अर्ज लिहून द्यायची जबाबदारी घेतली तरी पुष्कळ होईल. श्रद्धांजलीच्या सभा आपण खूप घेतल्या. आता अर्ज लिहायला बसू.

जय भीम!