मोहावे, दुपारी २:३४

४ ऑक्टोबर २००४. कॅलिफोर्नियातल्या मोहावेच्या धावपट्टीवर ‘स्पेसशिपवन’ आठवड्याभरात दुसऱ्यांदा अंतराळ गाठून उतरते. इंजिन हायब्रिड. इंधन रबराचे, घन. ते जाळायला द्रवरूप नायट्रस ऑक्साइड, म्हणजे भूल देताना वापरतात तोच वायू. हौशी रॉकेटवाल्यांची हायब्रिडवर भिस्त असते ती यासाठी: इंधन नुसते ठेवले तर भडकत नाही, आणि नायट्रस स्वतःच्याच दाबाने वाहतो, पंप लागत नाही.

२६ जुलै २००७, गुरुवार. ‘स्पेसशिपवन’ बनवणाऱ्या, बर्ट रुटान यांच्या ‘स्केल्ड कॉम्पोझिट्स’ कंपनीला पुढच्या, मोठ्या यानासाठी नायट्रसचा प्रवाह तपासायचा आहे. इंधन नाही, ठिणगी नाही. टाकीतला नायट्रस इंजेक्टरमधून बाहेर सोडायचा, बस्स. अशा चाचण्या आधी सुखरूप झालेल्या.

दुपार. जुलैचे वाळवंट. ३६.४ अंशांच्या वर नायट्रस द्रव राहतच नाही. आपल्या वाशीमच्या मे महिन्यात पारा चाळिशीपार असतो, तेव्हा आपल्याकडच्या हौशी रॉकेटवाल्या पोरांनी हा आकडा पाठच करावा. नायट्रसच्या वाफेची खोड याहून वाईट. नळीच्या आट्यांवर गॅरेजच्या फडक्याने लागलेले बोटभर ग्रीस राहिले, त्यात कुठे उष्णता मिळाली, की वाफेचे विघटन सुरू होते. नायट्रोजन आणि ऑक्सिजन सुटे होतात, उष्णता बाहेर पडते, ती शेजारच्या वाफेला पेटवते. बंद टाकीत हे सुरू झाले की कोणाच्याही हातात काही उरत नाही.

अडीचच्या सुमारास. काही कर्मचारी जाळीच्या कुंपणापाशी उभे आहेत. आग लावायचीच नाही, मग धोका कसला? मला राहून राहून हळहळ वाटते ती इथे. जाळी माणसाला अडवते, उडालेल्या तुकड्यांना नाही.

२:३४. वाशीममध्ये पहाटेचे ३:०४. चाचणी सुरू होते आणि स्फोट होतो. तिघांचा जीव जातो, तिघे गंभीर जखमी.

जानेवारी २००८. कॅलिफोर्नियाचे कामगार सुरक्षा खाते ठपका ठेवते: नायट्रसच्या धोक्यांची पुरेशी माहिती आणि प्रशिक्षण कर्मचाऱ्यांना दिलेच नव्हते. कंपनी सफाईची पद्धत बदलते, टाकीचे आतले अस्तर धातूचे करायचे आणि वाफेत निष्क्रिय वायू मिसळायचे ठरवते.

१० ऑगस्ट २०२१, रात्र. आपल्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यातले फुलसावंगी. शाळा अर्धवट सोडलेला, वेल्डिंग करणारा मुन्ना मारुती ८०० चे इंजिन लावून दोन वर्षे खपून हेलिकॉप्टर तयार करतो. १५ ऑगस्टला ते लोकांना दाखवायचा बेत. मोहावेसारखीच आज फक्त चाचणी: इंजिन चालवून बघायचे. शेपटीचे पाते तुटते, मुख्य पात्यावर आदळते, आणि ते मुख्य पाते आत बसलेल्या मुन्नाला लागते. तो वाचत नाही. यंत्र जमिनीवरच होते.