मार्कंड्याचा उजेड, माणसांचे चेहरे

पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत घरांच्या भिंतीवरचे हार घातलेले फोटो जरा निरखून पाहावेत. त्यांतले कितीतरी आधार कार्डावरून किंवा लग्नातल्या ग्रुप फोटोतून कापून मोठे केलेले असतात. नाकडोळे विस्कटलेले, मागे निळा रंग भरलेला, खांद्यावर शेजारच्याचा हात अर्धाच उरलेला. साठ-सत्तर वर्षं जगलेल्या माणसाचा एकही धड फोटो घरात नसावा, ही मला लहान गोष्ट वाटत नाही. म्हणून व्यक्तिचित्रणाकडे, म्हणजे पोर्ट्रेट फोटोग्राफीकडे, वळणाऱ्या वाचकाचं स्वागत मी स्टुडिओच्या दारात न करता गडचिरोली जिल्ह्यात, चामोर्शी तालुक्यातल्या मार्कंड्याला करतो आहे.

दक्षिणेकडे वाहणारी वैनगंगा इथे वळून उत्तरवाहिनी होते. तिच्या काठी मार्कंडेश्वराचा मध्ययुगीन मंदिरसमूह उभा आहे. १८७३-७४च्या मध्य प्रांतातल्या दौऱ्यात पुरातत्त्वज्ञ अलेक्झांडर कनिंगहॅमने त्याची सविस्तर नोंद घेतली. महाशिवरात्रीला इथे मोठी यात्रा भरते. फोटो शिकणाऱ्याने मात्र यात्रा नसताना यावं आणि एकाच मूर्तीसमोर सकाळपासून दुपारपर्यंत थांबावं. तिरप्या उन्हात गालाची गोलाई, ओठांची कड, गळ्यातल्या हाराचा एकेक मणी वेगळा दिसतो. ऊन डोक्यावर आलं की भुवयांखाली काळोख साचतो आणि नाकाची सावली ओठांवर पडते. दगड तोच, कोरीवकाम तेच. बदलली ती फक्त उजेडाची दिशा. या कलेचं निम्मं व्याकरण तेवढ्यात कळतं.

जिवंत चेहऱ्यालाही हाच नियम लागू आहे. माणसाला उन्हात उभं केलं की तो डोळे बारीक करतो. त्यालाच ओसरीच्या सावलीत, कडेपासून दोन-तीन फूट आत बसवून तोंड अंगणाकडे वळवावं. मोकळ्या आकाशाचा मऊ उजेड चेहऱ्यावर येतो आणि बुबुळात एक पांढरा ठिपका चमकतो. तो ठिपका नसेल तर चांगला फोटोही विझल्यासारखा दिसतो. आता खांद्यांसोबत चेहराही किंचित वळवावा. एक गाल उजळ, दुसरा जरा गडद होतो आणि चेहऱ्याला घडण येते. नदीकाठी आणखी एक सोय आहे. उन्हाळ्याच्या तोंडाला पात्रात उघडी पडलेली वाळू उजेड खालून वर परतवते. अशा वाळूकडे तोंड करून झाडाच्या सावलीत बसलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळंसुद्धा सौम्य होतात. स्टुडिओवाले हेच काम पांढऱ्या रिफ्लेक्टरकडून करून घेतात.

अंतराकडे मात्र बहुतेकांचं दुर्लक्ष होतं. मोबाइलचा मुख्य कॅमेरा साधारण २४ ते २६ मिलिमीटरचा, म्हणजे रुंद नजरेचा असतो. चेहरा चौकटीत भरावा म्हणून आपण हातभर अंतरावर जातो, आणि नाक फुगतं, कान मागे सरतात. पाच-सहा फूट मागे सरून दुप्पट झूम केलं की तोच चेहरा ओळखीचा दिसू लागतो. पोर्ट्रेटसाठी ८५ ते १०५ मिलिमीटरची लेन्स वापरतात तीही याचसाठी, की तिच्यामुळे फोटोग्राफर आपोआप लांब उभा राहतो.

रंगाविषयी जरा सविस्तर बोललं पाहिजे. समोरचं सगळं मध्यम करड्या उजळपणाचं आहे असं धरून कॅमेरा प्रकाश मोजतो. सावळ्या माणसामागे लख्ख आकाश असलं की चेहरा काळवंडतो. मागे काळोखी भिंत असली की तोच चेहरा पांढुरका होतो. अनेक वर्षं कोडॅकच्या रंगीत प्रिंटचे रंगही गोऱ्या कातडीच्या बाईचा फोटो प्रमाण मानून जुळवले जात होते. आज ॲप एका बोटात चेहरा गोरा करून देतं, आणि मला ते अपमानाचं वाटतं. सावळ्या कातडीचं देखणेपण तिच्यावरच्या चकाकीत असतं. उजेड बाजूने घ्यावा, एक्स्पोजर चेहऱ्यावर बोट ठेवून ठरवावं आणि रंगाला हात लावू नये.

या कलेचा मराठी मुलखातला इतिहासही जुना आहे. मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी निघाली, दुसऱ्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग सुरू झाला. डॉ. नारायण दाजी, हरिश्चंद्र चिंतामण ही त्या पहिल्या पिढीतली नावं. पण त्याच काळात सरकारी कॅमेरा माणसांचे नमुने गोळा करत होता. ‘द पीपल ऑफ इंडिया’चे आठ खंड १८६८ ते १८७५ या काळात निघाले, मध्य प्रांतातल्या जातीजमातींवरचा रसेल आणि हिरालाल यांचा सचित्र ग्रंथ १९१६चा. तिथल्या चित्रांखाली जातीचं किंवा धंद्याचं नाव असतं, माणसाचं बहुधा नसतं. आजही भामरागडकडे फिरायला गेलेले लोक माडिया आदिवासी बाईच्या गोंदणाचा फोटो न विचारता काढतात, तेव्हा ते त्याच परंपरेत उभे असतात.

दुसरी परंपरा छायाचित्रकार गौतम राजाध्यक्षांची. त्यांच्या १९९७च्या ‘फेसेस’ या पुस्तकातले चेहरे नामवंतांचे आहेत, तरी त्यांतला उजेड वलयापेक्षा माणूस शोधतो. झाडीपट्टी रंगभूमीची पोस्टरंही मी अभ्यासात धरतो. वडसा-देसाईगंजच्या नाटक मंडळ्यांना गावोगावचा प्रेक्षक चेहऱ्यांवरून ओळखतो, आणि रस्त्यावरून जाताना ओळख पटेल असा चेहरा छापणं ही अवघड कारागिरी आहे.

सुरुवात घरातल्याच माणसापासून करावी. आजीला आधी विचारावं, तिला हवं ते लुगडं नेसू द्यावं, कॅमेरा बाजूला ठेवून धानाच्या मळणीविषयी, माहेराविषयी बोलू द्यावं. पहिले पाच-सात फोटो ताठ येतील, ते येऊ द्यावेत. काढलेले फोटो तिला दाखवावेत आणि तिने नापसंत केलेला तिच्यासमोरच पुसावा. आवडलेल्याची कागदावर प्रिंट काढून तिच्या हातात द्यावी. मागच्या बाजूला तिचं पूर्ण नाव, गाव आणि तारीख लिहावी.