एमआरआयच्या कानाची गोष्ट

माझ्या जाऊबाईंना गुडघ्याचा एमआरआय काढायला लातूरला नेलं होतं. मंगळसूत्र, जोडवी, पिना सगळं उतरवलं, आणि गुडघ्याभोवती वायर असलेला प्लास्टिकचा पिंजरा आला. "शॉक देतात की काय?" म्हणून बाई उठूनच बसल्या.

तो पिंजरा म्हणजे यंत्राचा कान. आपल्या अंगातल्या पाण्यात, चरबीत हायड्रोजन असतो. मोठ्या चुंबकात त्याला रेडिओची लहर दिली की तोही तशीच लहर परत सोडतो. दीड टेस्लाच्या यंत्रात ती ६४ मेगाहर्ट्झच्या आसपास असते, ३ टेस्लाच्या यंत्रात १२८. आपलं एफएम या दोहोंच्या मधलं. म्हणजे तोही रेडिओच, फक्त कुजबुज फार बारीक.

ही कुजबुज ऐकण्यात आपल्याकडचा एक माणूस फार लवकर होता. १९५१ साली अमेरिकेत स्टॅनफर्डला अरनॉल्ड, धर्मट्टी आणि पॅकार्ड यांनी साधं अल्कोहोल चुंबकात ठेवलं. त्यात हायड्रोजन तीन प्रकारे जोडलेला असतो, तर तीन वेगळे सूर मिळाले! हे एस. एस. धर्मट्टी पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले आणि या विद्येचा गट त्यांनी तिथे उभा केला. शरीराचं चित्र यायला मात्र अजून अवकाश होता. १९७३ साली लॉटरबर यांनी पाण्याच्या दोन बारीक नळ्यांचं चित्र छापलं. १९७७ साली डमॅडियन यांच्या यंत्रात माणसाच्या छातीच्या एका कापाला जवळजवळ पाच तास लागले. पाच तास न हलता!

तारेचं मोठं वेटोळं साऱ्या अंगाची खरखर गोळा करतं. लहान वेटोळं जवळचंच ऐकतं, पण स्वच्छ. म्हणून १९९० साली रोमर आणि सहकाऱ्यांनी लहान वेटोळी शेजारीशेजारी मांडून सगळ्यांचं ऐकणं एकत्र केलं. आजचे पिंजरे, पट्टे त्याच वाटेने आले. अडचण वायरींची. जितके कान, तितक्या वायरी, आणि पोटातल्या अवयवाजवळ वायर न्यायची कशी? २०१२-१३ च्या सुमारास अमेरिकेत छियान, कोरेत्स्की यांनी बिनवायरीचा छोटा कान केला. बाहेरून दिलेल्या लहरीवरच तो चालतो आणि कुजबुज वाढवून पाठवतो. उंदराच्या मूत्रपिंडाजवळ ठेवून तो पाहिला गेला.

जाऊबाईंना एवढंच सांगितलं, की यात एक्स-रे नाही, पण अंगात पेसमेकर, सळई, स्क्रू असेल तर आधी सांगायचं. मग त्या निजल्या. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "ऐकतंय म्हणता, अन् स्वतःच मळणीयंत्रासारखं धडधडतंय की!"