मुंबईची एकोणचाळीस मिनिटे

काळ अखंड आहे, असे आपले तत्त्वज्ञ सांगत आले. परंतु या अखंड काळाचे तुकडे कोठे पाडावयाचे, हा प्रश्न तत्त्वज्ञांपेक्षा राज्यकर्त्यांनी, आगगाडीच्या अधिकाऱ्यांनी आणि गिरणीमालकांनीच अधिक वेळा सोडविला आहे. आपल्या मनगटावरील घड्याळ जी वेळ दाखविते, ती आपण निसर्गाने दिलेली वस्तू समजतो. वस्तुतः ती एका सरकारी हुकुमाची निष्पत्ती आहे, आणि त्या हुकुमाशी मुंबई शहराने निदान दोन पिढ्या भांडण मांडले होते. त्या भांडणाची हकीकत केवळ मनोरंजक नाही. विशाल देशाचे ऐक्य कोणत्या किमतीस मिळते आणि ती किंमत कोण भरतो, हे तिच्यावरून चांगले कळते.

सूर्य सर्व गावांवर एकाच क्षणी माथ्यावर येत नाही, ही गोष्ट आपल्या ज्योतिष्यांस पूर्वापार ठाऊक होती. सिद्धांतग्रंथांनी उज्जयिनीवरून जाणारी रेषा मुख्य मानली आणि तिच्या पूर्वेस किंवा पश्चिमेस असलेल्या गावासाठी ‘देशांतर’ संस्कार सांगितला. अहोरात्राच्या साठ घटिका. एका घटिकेची आजची चोवीस मिनिटे. परंतु हे गणित पंचांगकर्त्याच्या उपयोगाचे. शेतकऱ्याला, वाण्याला किंवा पुराणिकाला दुसऱ्या गावच्या घटिकेशी कर्तव्य नव्हते. बैलगाडीने चाललेल्या प्रवाशास सूर्याच्या चालीतील चार मिनिटांचा फरक जाणवावा तरी कसा? ज्याचा त्याचा सूर्य ज्याच्या त्याच्या गावी उगवत असे, आणि त्यात कोणाचेही अडत नव्हते.

अडू लागले ते आगगाडी आणि तारायंत्र आल्यावर. १८५३ साली बोरीबंदरावरून ठाण्यास पहिली गाडी गेली, आणि १८७० साली मुंबई व कलकत्ता ही शहरे लोहमार्गाने जोडली गेली. हिशेब पाहा. पृथ्वीला एक अंश फिरावयास चार मिनिटे लागतात. मुंबईची वेळ ग्रीनिचच्या पुढे सुमारे चार तास एक्कावन्न मिनिटे, मद्रासची पाच तास एकवीस मिनिटे, आणि कलकत्त्याची पाच तास त्रेपन्न मिनिटे. म्हणजे मुंबईस दुपारचे बारा वाजले असता कलकत्त्यास एक वाजून दोन मिनिटे झालेली असत. मार्गावरील प्रत्येक शहर आपापला सूर्य पाहू लागले तर वेळापत्रक छापावे कसे? तेव्हा रेल्वेने तडजोड शोधली. मुंबई व कलकत्ता यांच्या जवळजवळ मध्यावर पडणारी मद्रासची वेळ तिने पत्करली. मद्रासला ईस्ट इंडिया कंपनीची वेधशाळा होती. तेथील ज्योतिर्विद जॉन गोल्डिंगहॅम याने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी त्या स्थानाचे रेखांश निश्चित केले होते, आणि तेथून तारेने वेळेचा इशारा देता येत असे. अशा रीतीने हिंदुस्थानात स्टेशनावर एक वेळ आणि गावात दुसरी वेळ असा दुहेरी संसार सुरू झाला. स्टेशनावरील घड्याळ मुंबईकराच्या घड्याळाच्या अर्धा तास पुढे. गाडी चुकलेल्या मनुष्याला आपण उशिरा आलो की गाडी लवकर गेली, हे ठरविता येऊ नये, अशी ती स्थिती होती.

ही दुहेरी व्यवस्था मोडण्याचा पहिला यत्न मुंबईतच झाला. १८८१ साली गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांनी मुंबई इलाख्यातील सरकारी कारभारास मद्रासची वेळ लागू केली. कारकुनाने अर्धा तास आधी कचेरीत यावे, एवढाच त्याचा व्यवहारातील अर्थ. पण शहराला तो हुकूम मानवला नाही. वाद जाऊन पोहोचला तो राजाबाई मनोऱ्यावरील घड्याळापाशी. प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून उभा राहिलेला तो मनोरा विद्यापीठाचा. परंतु घड्याळाच्या दिवाबत्तीचा खर्च सरकारने देणे हे घड्याळ सरकारी वेळ दाखविण्यावर अवलंबून, असा पेच पडला. विद्यापीठाच्या सेनेटने मुंबईच्याच वेळेचा पक्ष घेतला, आणि १८८३ साली सरकारने आपला आग्रह सोडून दिला. विद्वानांच्या सभेने सूर्याची बाजू घेऊन गव्हर्नराला नमविल्याचे असे दुसरे उदाहरण मला ठाऊक नाही.

पुढल्याच वर्षी, १८८४ साली, वॉशिंग्टन येथे भरलेल्या परिषदेने ग्रीनिचची रेषा जगाची मूळ रेषा मानली. मग मद्रासची ती अडनिडी मिनिटे शास्त्राला खुपू लागली. मिर्झापूरजवळून जाणारी साडेब्याऐंशी अंशांची रेषा घेतली, तर ग्रीनिचपासून बरोबर साडेपाच तासांचे अंतर पडते. ती रेषा पत्करून रेल्वे आणि तारखाते १९०५ च्या मध्यास नव्या वेळेवर गेले, आणि १ जानेवारी १९०६ पासून ‘इंडियन स्टँडर्ड टाइम’ देशभर सरकारमान्य झाला. मद्रासला घड्याळ नऊ मिनिटे पुढे करावे लागले, कलकत्त्याला सुमारे तेवीस मिनिटे मागे. मुंबईच्या वाट्यास सर्वांत मोठा फरक आला: एकोणचाळीस मिनिटे पुढे.

हुकुमाचा मुहूर्तही वाईट होता. लॉर्ड कर्झन यांच्या अमदानीत १९०५ च्या ऑक्टोबरात बंगालची फाळणी अमलात आली होती, आणि सरकारच्या हातून येणाऱ्या प्रत्येक गोष्टीकडे लोक संशयाने पाहू लागले होते. ज्याने बंगालचे दोन तुकडे केले, तोच आता आमचा दिवसही सरकवितो, असे कोणास वाटले तर त्यात नवल नव्हते. हजारो सह्यांचे अर्ज गेले. मुंबईच्या महापालिकेने १९०६ सालीच पुन्हा मुंबईची वेळ पाळण्याचे ठरविले. तेव्हापासून शहरात ‘मुंबई टाइम’ आणि ‘स्टँडर्ड टाइम’ ही दोन घराणी समोरासमोर नांदू लागली.

परंतु या प्रकरणातील सर्वांत अर्थपूर्ण प्रतिकार शिकलेल्या लोकांचा नव्हे, गिरणी कामगारांचा होता. १९०६ च्या जानेवारीत नव्या वेळेवर गिरणी चालविण्याचा यत्न होताच हजारो कामगारांनी काम थांबविले. कोणास ही अडाण्यांची गैरसमजूत वाटेल. एक घड्याळ पुढे केले म्हणून चोवीस तासांचे तेवीस थोडेच होतात? पण कामगाराचा हिशेब बिनचूक होता. जानेवारीत मुंबईचा सूर्य नव्या वेळेप्रमाणे सव्वासातच्या सुमारास उगवतो. भोंग्याचा आकडा तोच ठेवून घड्याळ पुढे सारले, की मनुष्याला रात्रीच्या अंधारातून आणखी एकोणचाळीस मिनिटे आधी उठावे लागते. सायंकाळी तेवढी मिनिटे परत मिळतील याची हमी कोण देणार? त्याच सुमारास गिरण्यांत विजेचे दिवे आले होते आणि त्यांच्या उजेडात कामाचा दिवस वाटेल तितका लांबविता येत होता. कापडगिरणीतील प्रौढ पुरुषाच्या कामास बारा तासांची मर्यादा पडली ती १९११ च्या कायद्याने. तोपर्यंत सूर्य हाच मजुराचा एकमेव कायदा होता. तो मोडला जात असता त्याने आरडाओरडा केला, यात अज्ञान कोठे आले?

आता याच देशाच्या दुसऱ्या टोकास, आसामात जाऊ. तेथे उन्हाळ्यात सूर्य स्टँडर्ड टाइमाप्रमाणे पहाटे साडेचारच्याही आधी उगवतो, आणि हिवाळ्यात साडेचारच्या सुमारास मावळतो. चहाच्या मळेवाल्यांनी यावर आपला उपाय काढला: मळ्यातील घड्याळ एक तास पुढे. या वेळेस ‘बागान टाइम’ म्हणतात, आणि कित्येक मळ्यांत ती अद्याप चालते. मुंबईत घड्याळ पुढे गेल्याने कामगार चिडला. आसामात घड्याळ पुढे नेल्याने काम सुरळीत झाले. कृती एकच, परिणाम भिन्न. कारण उघड आहे. मुंबईत पुढे गेलेले घड्याळ सूर्यापासून दूर गेले; आसामात ते सूर्याच्या जवळ आले.

मधल्या काळात महायुद्धाने आणखी एक चमत्कार घडविला. १९४२ च्या सप्टेंबरापासून १९४५ च्या ऑक्टोबरापर्यंत सर्व देशाचे घड्याळ तासभर पुढे होते. म्हणजे त्या वर्षांत मुंबईची स्वतःची वेळ सरकारी वेळेच्या दीड तासाहून अधिक मागे पडली. पुढे स्वातंत्र्य आले, आणि जी वेळ परकी सरकारचा हुकूम म्हणून मुंबईने नाकारली होती, तीच स्वतंत्र राष्ट्राच्या ऐक्याची खूण ठरली. कलकत्त्याने १९४८ साली आपली वेळ सोडली. मुंबईनेही स्वातंत्र्यानंतर काही वर्षांत आपली एकोणचाळीस मिनिटे राष्ट्राच्या पदरात टाकली. साहेबाशी भांडण्यात जे स्वाभिमानाचे होते, ते आपल्याच सरकारशी भांडण्यात हेकेखोरपणाचे दिसू लागले. वेळ तीच राहिली; तिचा धनी बदलला.

तथापि भूगोल बदलला नाही. द्वारकेचा आणि अरुणाचलाचा सूर्य यांत आजही जवळजवळ दोन तासांचे अंतर आहे. २०१४ साली आसामचे मुख्यमंत्री तरुण गोगोई यांनी बागान टाइम राज्यभर पाळण्याचा विचार बोलून दाखविला. २०१८ साली तर, जी संस्था देशाची प्रमाणवेळ सांभाळते, त्या दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्याच शास्त्रज्ञांनी ईशान्येसाठी एक तास पुढची वेगळी वेळ सुचविली. सरकारने ते मान्य केले नाही. सीमेवर घड्याळ बदलताना रेल्वेचा घोटाळा होईल, आणि वेळेची दुही मनाची दुही होईल, ही भीती. पहिली भीती व्यवहाराची आहे आणि तिचा विचार केलाच पाहिजे. दुसरी मात्र इतिहासाला धरून नाही. सुमारे चाळीस वर्षे मुंबई आपल्या वेगळ्या वेळेवर चालली. त्याच वर्षांत स्वराज्याची चळवळ तिने कोणत्याही शहराइतकीच निष्ठेने चालविली. घड्याळे जुळली नव्हती, म्हणून मने जुळावयाची राहिली नाहीत.

माझ्या मते या साऱ्या हकीकतीचा बोध असा. एक वेळ ही प्रवास करणाऱ्याची, तार पाठविणाऱ्याची आणि राज्य चालविणाऱ्याची सोय आहे. तिची किंमत मात्र जागच्या जागी राहून सूर्याच्या उजेडात राबणारा मनुष्य भरतो. ती सोय मोठी आहे आणि सोडण्याजोगी नाही. परंतु घड्याळ एक ठेवावयाचे, तर शाळा, कचेऱ्या आणि कारखाने यांचे तास प्रांतोप्रांतीच्या उजेडाप्रमाणे ठेवण्याचे औदार्य तरी हवे. ईशान्येचे पोर दोन प्रहर उन्हे वर आल्यावर शाळेत जावे आणि अंधारात घरी परतावे, अशी राष्ट्रैक्याची मागणी असू शकत नाही. १९०६ साली गिरणीच्या दारात उभ्या राहिलेल्या त्या मजुरांना रेखांशाचे गणित येत नव्हते. पण घड्याळाचा काटा कोणी हलवावा यापेक्षा तो कोणाच्या झोपेवरून फिरतो हा प्रश्न मोठा, एवढे त्यांना कळत होते. तो प्रश्न अजून सुटलेला नाही.